लोणच्याच्या बरणीत पृथ्वी

मी एक काचेची बरणी आहे. पाच किलोची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. दोन वर्षं होत आली, माझ्यात कुणी चमचाभरही पाणी घातलेलं नाही. तरी माझ्या पोटात रोज सकाळी दव पडतं, थेंब काचेवरून ओघळतात, माती ओली होते. पानं फुटतात, पिकतात, गळतात आणि त्यांच्याच मातीतून पुन्हा फुटतात. बार्शीटाकळीतले लोक मला नाक चिकटवून बघतात. टिचक्या मारतात. "आतमध्ये नळ सोडला का बाप्पा?" असंही एकानं विचारलं होतं. नळ नाही, काही नाही. माझ्या आत एक लहानशी पृथ्वी आहे. ती कशी आली, आणि एका उन्हाळ्यात ती कशी थोडक्यात वाचली, ते सांगते.

जन्म माझा भट्टीतला. वितळलेल्या वाळूची मी काच झाले. पहिली नोकरी अकोल्याला भगवंतरावांच्या दुकानात, लिंबाच्या गोळ्या सांभाळायची. पोरं माझ्याकडे बोट दाखवत आणि मला वाटे, आपण फार मोठ्या आहोत. मग प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी बेबीताईंच्या घरी आले.

बेबीताईंचं घर बार्शीटाकळीच्या कडेला, मागे लागूनच दोन एकर फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलं पहाटे अकोल्याच्या बाजारात जातात. ताईंनी माझ्यात अकरा वर्षं लिंबाचं लोणचं घातलं. मला रोज ऊन दाखवायच्या, फडक्यानं पुसायच्या. पण मुलं मोठी झाली, डॉक्टरांनी किसनरावांचं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं, मीठ तोडलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे जुन्या पितळी समईशेजारी मी चार वर्षं धूळ खाल्ली. कामाची सवय असलेल्याला रिकामं बसणं फार जड जातं. हिंगाचा वास तेवढा सोबतीला होता.

मला खाली काढलं ते रश्मीनं.

रश्मी ही ताईंची सून. माहेर भातकुलीचं, लग्नाला वर्ष झालेलं, गावातल्याच शाळेत विज्ञानाची शिक्षिका. घरात भांडण नव्हतं, पण मोकळेपणही नव्हता. सून विचारून बोलायची, सासू मोजून. दोघी एकमेकींना चहा नेऊन द्यायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या.

नोव्हेंबरात रश्मी आठवीला पृथ्वी शिकवत होती. पृथ्वीवर जीवसृष्टी आहे, कारण ती सूर्यापासून योग्य अंतरावर आहे, तिच्यावर द्रवरूप पाणी आहे, हवेचं आवरण आहे, असं सगळं तिनं फळ्यावर लिहिलं. वर्षाली नावाची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, हे आम्ही पाठ करतो. पन हे दिसत तर नाही ना. पृथ्वीच्या बाहेर जाऊन कोन पाह्यलं?"

सगळा वर्ग हसला. रश्मी हसली नाही. घरी येऊन तिनं माळ्यावरून मला उतरवलं, सोड्यानं तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं.

ताई बघतच राहिल्या. "माह्या लोणच्याच्या बरणीत काय करून राहिली तू?"

"झाड लावते, आई. पाणी एकदाच घालायचं आणि झाकण लावून टाकायचं. मग उघडायचंच नाही. तेच पाणी वर जाईल, थेंब होईल, खाली येईल. पृथ्वीवर होतं तसंच."

ताईंनी सातव्या वर्षापासून बापाच्या मळ्यात झाडांना पाणी घातलेलं. त्यांना हे ऐकवेना. "झाड कोंडून ठेवतं आन् वरून पानी बी देत नाई? काहून वं, त्यानं काय गुन्हा केला तुह्या घरचा?"

रश्मीनं रोपवाटिकेतून शोभेचं एक झाड आणि पिशवीतली माती आणली. माझ्यात ती भरली, पाणी घातलं, झाकण घट्ट केलं आणि मला वर्गात खिडकीजवळ ठेवलं. मी ऐटीत होते. चार वर्षांनी कुणीतरी मला काम दिलं होतं.

दहाव्या दिवशी झाड काळं पडलं. मातीवर पांढरी बुरशी कापसासारखी वाढली. झाकण उघडलं तेव्हा अख्ख्या वर्गानं नाक धरलं. मला शरमेनं मेल्यासारखं झालं, लोणचं नासलं असतं तरी एवढं वाटलं नसतं. रश्मीनं वर्गात हसण्यावारी नेलं, पण घरी आल्यावर मला मोरीजवळ ठेवून ती ओट्यावर बसून राहिली.

ताईंचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्यांना बोलून दाखवायची चांगली संधी होती. त्या दारात आल्यासुद्धा त्याच तयारीनं. पण सुनेचं तोंड बघून त्यांनी बेत बदलला. माझ्यात हात घालून त्यांनी चिमूटभर माती काढली, बोटांत चोळली, वास घेतला.

"ही माती कुठली?"

"पिशवीतली. निर्जंतुक असते, आई. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ माती?" ताईंना हसू आवरेना. "बाप्पा! मातीले काय आंघोळ घालतात का? चाल माह्यासंगं."

मलाही काखेत मारून त्या मळ्यात निघाल्या. विहिरीपलीकडे आंब्याखाली पाचोळ्याचा ढीग होता, दोन-तीन वर्षांचा, खाली काळा झालेला. ताईंनी त्याच्या पोटात हात घातला आणि मूठ रश्मीपुढे उघडली. भुसभुशीत, कोमट, ओलसर. त्यात तिळाहून बारीक पांढरे जीव टुणटुण उड्या मारत होते.

"पाह्य. हे हालून राहिले ना? पान गळलं का हे त्याले खातात, बारीक करतात, मंग झाड त्याले परत पिऊन घेते. तुह्या धुतलेल्या मातीत पडलेलं पान उचलाले कोनी होतं का? सडन नाही तं काय होईन? ही जिती माती हाये."

रश्मी त्या मुठीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, मी हे फळ्यावर लिहिलंच नव्हतं. अंतर लिहिलं, पाणी लिहिलं, हवा लिहिली. माती राहून गेली."

"मंग लिव्ह आता," ताई म्हणाल्या.

किसनरावांनी विहिरीच्या दगडी सांध्यातून नेच्याचं एक रोप अलगद काढून दिलं. विहिरीच्या आतल्या भिंतीवर, ओलाव्यात आणि अर्धवट उजेडात वाढणारी ती नाजूक कातरलेली पानं तुम्ही पाहिली असतील. शोभेच्या झाडासारखा त्याचा तोरा नव्हता. माझ्या तळाशी बारीक गिट्टी, तिच्यावर कुटलेला कोळसा, त्यावर जिती माती, मग नेचा आणि थोडं शेवाळ. रश्मी पाण्याचा गडवा घेऊन आली तेव्हा ताईंनी तिचा हात धरला.

"एवढं नाई. मूठ दाबली तं गोळा झाला पाह्यजे, पन पानी गळलं नाई पाह्यजे."

डिसेंबरातल्या रविवारी झाकण लागलं. त्या दिवशी दोघी ओट्यावर बसून बराच वेळ बोलत होत्या. मी मधे होते, म्हणून मला माहीत.

पहिल्या आठवड्यात ताई दिवसातून दहादा येऊन बघायच्या. नेचा काही मरेना. उलट सकाळी काचेवर धुकं धरायचं, ऊन आलं की थेंब ओघळायचे. जानेवारीत एक जुनं पान गळलं, ताईंनी डोळे बारीक करून पाहिलं तर ते पांढरे जीव त्याच्यावर जमलेले. पंधरा दिवसांत पानाची नुसती जाळी उरली, मग तीही नाही. आणि मधोमध मुठीसारखी वळलेली नवी पालवी वर आली. "पाह्यलं का हो!" ताईंनी किसनरावांना हाक मारली, जणू त्यांनीच ती जन्माला घातली होती.

मार्चअखेर रश्मी पहिल्या बाळंतपणाला भातकुलीला निघाली. पालवी फुटल्यावर मला वर्गात नेलं होतं; आता परीक्षा होत आलेली, म्हणून मी परत घरी आले. निघताना तिचा नवरा स्वप्निल चिकटपट्टी घेऊन आला.

"झाकणाले चारी बाजूनं पट्टी लावतो. आई मागून पानी घालनच, पैज लाव."

"पट्टी नको," रश्मी म्हणाली. "आई नाही उघडणार. त्यांनी शब्द दिला आहे ना मला."

 रश्मीची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मला पदरानं पुसलं आणि हॉलच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेन असं ठेवलं.

मग मे महिना आला. अकोल्याकडचा मे तुम्हाला ठाऊक असेलच. पारा सत्तेचाळीसला टेकला. बाहेर कुत्री नालीत बसली, कूलरमधून वाफ यायला लागली. खिडकीतलं ऊन सरकत सरकत माझ्यावर येऊन थांबलं. काचेचा एक दोष आहे, तो कबूल करते. मी ऊन आत घेते, पण आतली ऊब मला चटकन बाहेर टाकता येत नाही. माझं पोट तापलं. नेच्याची पानं मान टाकून खाली लोंबली, दोन पानांच्या कडा काळ्या झाल्या. काच वाफेनं पांढरी पडली. मी काही करू शकत नव्हते. मी आई असते तर ओरडले असते.

दुपारी दोनला ताई शेतातून आल्या. मला बघताच त्यांच्या हातातली पाटी पडली. घरात कुणी नव्हतं. त्यांनी तांब्या भरून आणला. मला मांडीवर घेतलं. झाकणावर हात ठेवला आणि फिरवला.

अर्धा आटा.

तेवढ्यात हात थांबला. त्या माझ्या झाकणाकडे बघत बसल्या. कपाळावरचा घाम माझ्यावर टपकत होता. मला दोन्ही बाजूंनी वाटत होतं. उघडा, असं वाटत होतं, कारण आतला जीव तळमळत होता. उघडू नका, असंही वाटत होतं. मग त्यांनी झाकण परत घट्ट फिरवलं, तांब्यातलं पाणी स्वतः घटाघटा प्यायल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवं बेबी, पानी तं आतमंदीच हाये. वाफ होऊन बसलं. झाडाले तहान नाई लागली, चटका लागला."

माळीणच ती. रोपांचे वाफे मे महिन्यात कसे जगवायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मला उचललं आणि घरभर जागा शोधायला लागल्या. पहिल्यांदा स्वयंपाकघरात, फळीवर. संध्याकाळी गॅस पेटला, पोळ्या झाल्या आणि मी पुन्हा तापले. दुसऱ्या दिवशी मला धान्याच्या खोलीत नेलं. तिथे गारवा होता, पण उजेड कवडशापुरता. चार दिवस ठेवून बघितलं. पानं काळी होईनात, पण फिकी पडली, नवी पालवी उजेड शोधत वाकडी वाढायला लागली. ताई नाराज झाल्या. मग वऱ्हांड्यात उत्तरेकडच्या जाळीजवळ, जिथे पिण्याचा माठ असतो, तिथे त्यांनी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर मला. ऊन तिथे येत नाही, उजेड दिवसभर असतो. माठाच्या पाझरानं आजूबाजूची हवाही जरा थंड असते. स्टूल त्यांनी वीतभर पुढे सरकवलं, परत चार बोटं मागे घेतलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बस. इथीच राह्य."

आठव्या दिवशी पानांनी मान उचलली. ताईंनी लगेच भातकुलीला फोन लावला.

"रश्मी, तब्येत कशी हाये? बरं. ऐक, तुही बरणी मराले टेकली होती. म्या पानी नाई देल्लं. जागा देल्ली."

रश्मीनं सगळं विचारून घेतलं. खिडकीत काय झालं, धान्याच्या खोलीत काय झालं. मग फोनमधून एवढ्या जोरात हसली की मलाही ऐकू आलं. "आई! तुम्ही बरणी आधी शुक्रावर ठेवली, मग पार नेपच्यूनवर नेली आणि आता पृथ्वीवर आणली!"

"ते मले काई समजत नाई. झाड हिरवं हाये," ताई म्हणाल्या. अर्ध्या आट्याचं मात्र त्या बोलल्या नाहीत.

जूनच्या सुरुवातीला नात झाली. घरात पेढे आले. पाहुणे आले की स्वप्निल मला दाखवायचा आणि सांगायचा, "आईनं शब्द पाळला बरं. झाकणाले हात नाही लावला." दर वेळी ताई उठून आत जायच्या. लोकांना वाटायचं, लाजल्या. मला माहीत होतं, लाज वेगळी होती.

दिवाळीनंतर रश्मीची रजा संपली. नव्या आठवीला तोच धडा आला. या वेळी ती घरी म्हणाली, "आई, उद्या तुम्ही चला वर्गात."

"म्या? मले चौथीच्या पुढचं येत नाई."

"जे येतं तेच सांगा."

दुसऱ्या दिवशी ताई गेल्या. कडेवर पाच महिन्यांची नात, डोक्यावर पदर, आणि मी स्वप्निलच्या हातात. गेल्या वर्षीची आठवी आता नववी झाली होती. तीसुद्धा खिडक्यांत लटकून हजर, कारण बुरशीचा वास त्यांना पाठ होता. मला टेबलावर ठेवलं तेव्हा आतला नेचा झाकणाला टेकला होता. वर्गात "आ" झाला.

ताई आधी अडखळल्या. मग मुठीतून आणलेला पाचोळा त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्यांची जीभ सुटली. "पोट्टेहो, झाडाले काय लागते? उजेड लागते, पन चटका नाई. पानी लागते, पन बुडन एवढं नाई. हवा लागते. आन् मेलेल्याले परत जित्यात आनाले हे बारके लोक लागतात." त्यांनी त्या उड्या मारणाऱ्या जीवांकडे बोट दाखवलं. "हे सारं एका जागी जमलं पाह्यजे. एक बी कमी पडलं तं खेळ खलास. म्या घरात चार जागा पाह्यल्या, तवा एक सापडली. आपली पृथ्वी अशी जागा धरून बसली हाये, आपून न सांगता."

 मग खिडकीतून वर्षालीचा आवाज आला. "आजी, खरं सांगा. उन्हाळ्यात एकदा बी नाही उघडली?"

ताईंनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. रश्मीकडे पाहिलं नाही.

"अर्धा आटा फिरवला होता," त्या म्हणाल्या. "पानी घालाले. मंग परत लावला. पानी नाई घातलं. पन फिरवला होता. रश्मीले म्या सांगतलं नाई. तिनं पट्टी लावू देल्ली नव्हती ना, म्हनून सांगाची हिंमत नाई झाली."

माझी काच थरथरली असेल तर ती बाहेरून गेलेल्या ट्रॅक्टरमुळे, असं लोकांना वाटलं असेल.

वर्गात एकदम गलका झाला. "अर्ध्या आट्यानं काय होते!" "हवा गेली असन ना बे आतमंदी!" "मंग त्या दिवसापासून मोजा!" रश्मी फळ्याकडे गेली. तिथे झाकण लावल्याची तारीख लिहिलेली होती. तिच्याखाली तिनं लिहिलं: मे महिना, झाकण अर्धा आटा फिरलं, लगेच बंद, पाणी घातलं नाही. खडू खाली ठेवून ती ताईंजवळ आली.

"आई, तुमच्या जागी मी असते ना, तर अख्खं उघडून तांब्या ओतला असता."

"खरं म्हनतं?"

"अगदी खरं. आणि मग परत बुरशी."

ताई आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि नातीनं दचकून भोकाड पसरलं. सगळा धडा त्यातच संपला.

त्या दिवशी एकवीस पोरं पाचोळ्याची माती मागायला मळ्यात आली. आता गावात माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. कुणी मधाची बाटली, कुणी मुरंब्याची बरणी. ज्यांचं झाड सुकतं ती पोरं ताईंकडे येतात, आणि ताई आधी विचारतात, "कुठी ठेवलं?" रश्मी आणि ताई आता मोजून बोलत नाहीत. कधी कधी तर दोघी एकदम बोलतात आणि किसनराव रेडिओ घेऊन मळ्यात जातात. दुसरा उन्हाळाही मी माठाशेजारी सुखानं काढला.

हे सगळं सांगायचं खरं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात माझ्या आतल्या काचेवर, तोंडाजवळ, हिरवे ठिपके दिसायला लागले. रश्मीनं भिंग लावून बघितलं आणि ताईंना हाक मारली. नेच्याच्या पानांमागची तपकिरी भुकटी उडून काचेवर बसली होती, दवात भिजली होती, आणि तिच्यातून नवे नेचे रुजले होते. तांदळाच्या कणीएवढे. त्यांनी विहीर पाहिलेली नाही, बार्शीटाकळीचा वारा त्यांना लागलेला नाही. मीच त्यांचं आभाळ, मीच त्यांची जमीन. अकरा वर्षं लोणचं मुरवलं, पण आई मी आत्ता झाले.

कधी बार्शीटाकळीला आलात तर या. माठातलं पाणी प्या, स्टुलासमोर उकिडवे बसा, माझ्या लेकरांना बघा. टिचकी मात्र मारू नका. आणि जाताना ज्या जमिनीवर पाय ठेवून जाल तिच्याकडेही एकदा वाकून बघा. तिथेही कुणीतरी बारकं, पांढरं, टुणटुण उड्या मारत तुमच्यासाठी काम करत असेल. त्याला तेवढं करू द्या.